पाऊण सक साडेचार

संपादक मंडळातील विद्यार्थी लेख मागायला आले तेव्हा ‘सर, गणितावर नको, एखाद्या अनुभवावर लिहा’ असे त्यांनी मला आधीच बजावले. मी बरे म्हटले. पण लिहायला बसल्यावर ध्यानात आले की, जो अनुभव मी आजवर कुणाला नीटसा सांगितलेला नाही तो नेमका गणिताचाच आहे. तोही उच्च गणिताचा नव्हे, तर प्राथमिक शाळेच्या पुस्तकातल्या, अपूर्णांकाला पूर्णांकाने गुणण्याचा. तेव्हा संपादकांनी आणि वाचकांनी क्षमा करावी.

१९७९ सालचा मे महिना. सहावीची परीक्षा देऊन मी मोकळा झालो होतो. आमच्या बेळगावात त्या दिवसांत दुपारपर्यंत ऊन तापते आणि मग पाहता पाहता आभाळ भरून येते. त्या आठवड्यात सोमवारपासून शनिवारपर्यंत सहाही दिवस वळीव दुपारीच कोसळला. आई तेव्हा एका घराच्या बांधकामावर घमेली वाहायला जात असे. पूर्ण दिवस भरला तर एक हजेरी, जेवणाच्या सुट्टीपर्यंत अर्धी आणि सुट्टीनंतर दोनेक तास काम होऊन ते थांबले तर पाऊण, असा तिथला रिवाज होता. बायकांना एका हजेरीचे चार रुपये मिळत.

शनिवारी बटवडा असे. मी आईबरोबर गेलो होतो, कारण बटवड्यानंतर बाजार करायचा आणि पिशवी मी धरायची, असा आमचा नेम होता. पाऊस नुकताच ओसरला होता. मुकादम पत्र्याच्या छपराखाली सिमेंटच्या पोत्यांवर हजेरीवही उघडून बसले होते. आईचे नाव आले तसे त्यांनी ओळीवरून बोट फिरवले आणि म्हणाले,

“सहाही दिवस पाऊण. पावाचं कोण करत बसतंय? चार धरतो.”

“साडेचार होतात की अण्णा,” आई म्हणाली.

“साडेचार कुठनं आणलीस?”

आई गप्प झाली. हिशोब तिच्या मनात होता; पण चार माणसांत तो मांडायची तिला सवय नव्हती. मुकादमांचे लक्ष माझ्याकडे गेले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. थोडी गंमत, थोडा कंटाळा, असेच त्यांचे चालले होते. ते म्हणाले, “तुझं पोरगं साळंत जातंय न्हवं? त्यालाच विचारू या. लेखी हिशोब होऊ दे.”

मला काय, हुरूपच आला! वर्गात गणितात माझा नंबर वरचा होता आणि अपूर्णांकांचा धडा तर त्याच वर्षी झालेला. विटेचा एक तुकडा उचलून मी समोरच्या कोरड्या गिलाव्यावर मोठ्या ऐटीत ३/४ हा अपूर्णांक मांडला, गुणिले ६ असे लिहिले आणि वरच्या तिनाला सहाने गुणले, खालच्या चारालाही सहाने गुणले. वर अठरा, खाली चोवीस. मग शाळेत शिकवल्याप्रमाणे अतिसंक्षिप्त रूप द्यायला हवे म्हणून दोहोंना सहाने भागले. उत्तर आले ३/४.

“पाऊण,” मी मोठ्याने म्हटले.

मुकादम पोट धरून हसले. “बघ गं बाई! तुझ्या पोराच्या हिशोबानं सहा दिवस मिळून एक हजेरीबी भरत न्हाई. मी तर चार देतोय!”

भोवतालची माणसे हसली. आईसुद्धा हसल्यासारखे करून खाली पाहू लागली. तिचे ते खाली पाहणे मला आजही लख्ख दिसते.

आईच्या मागे रांगेत एक कानडी बाई उभ्या होत्या. सगळे त्यांना अव्वा म्हणत. मराठी त्यांना समजे. पण त्या मोजत मात्र कानडीतच. त्यांनाही त्या आठवड्यात सहाही दिवस पाऊणच लागले होते, म्हणजे माझ्या उत्तराचा फटका त्यांनाही बसणार होता. त्या पुढे आल्या आणि बोटांच्या पेरांवर अंगठा टेकवत मोजू लागल्या. दर दिवसाची तीन पेरे. “मुक्कालु, मुक्कालु...” असे सहा वेळा म्हणून झाल्यावर त्या थांबल्या. “हदिनेंटु कालु,” त्या म्हणाल्या. अठरा पाव. मग चार-चार पेरांचा एकेक गठ्ठा बाजूला काढल्यासारखे करत त्यांनी सोळा पाव संपवले, उरलेल्या दोन पेरांवर बोट ठेवले आणि सांगितले, “नाल्कूवरे.”

नाल्कूवरे म्हणजे साडेचार.

मग आईलाही धीर आला. ती म्हणाली, “सहा दिवस. रोजचा पाव गेला. सहा पाव म्हंजे दीड. सहातनं दीड गेलं, साडेचारच ऱ्हातंय.”

दोन बायकांनी दोन भाषांत, दोन वेगवेगळ्या वाटांनी एकच संख्या सांगितली. मुकादमांनी क्षणभर वहीकडे पाहिले, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले आणि दोघींच्या हातावर अठरा-अठरा रुपये ठेवले. चार हजेऱ्यांचे सोळा झाले असते. दोन रुपयांचा प्रश्न होता. पण दोन रुपयांत तेव्हा आमच्या घरचे दोन दिवसांचे तेलमीठ निघत असे.

बाजार होऊन घरी परतेपर्यंत आई त्या विषयावर बोलली नाही. रात्री भाकऱ्या थापताना तिने विचारले, “सहा दिवस राबून एका दिवसाएवढंबी पडत न्हाई असं तुझं आलं, तवा तुला कसंतरी वाटलं न्हाई व्हय रं?”

मला काहीच वाटले नव्हते. खरी लाजेची गोष्ट ती होती. बेरीज चुकली, पाढा चुकला, तर माणूस चुकतो आणि दुरुस्त होतो. पण उत्तर समोर आल्यावरही मी त्याच्याकडे पाहिले नाही. नियमाप्रमाणे वर-खाली गुणले, नियमाप्रमाणे संक्षेप केला आणि जे हाती आले ते जाहीर करून मोकळा झालो. आईला अक्षर येत नव्हते. पण पाऊण ही संख्या तिने सहा दिवस डोक्यावर वाहिली होती. माझ्यापाशी ते वर तीन आणि खाली चार असे नुसते चित्र होते.

पुढे गणित हाच माझा विषय झाला. तो आवडीने झाला की त्या शनिवारच्या लाजेने, हे मलाही सांगता येणार नाही. एवढे मात्र खरे की, त्या चुकीचा विचार मी पुष्कळ केला आहे. ती चूक माझी एकट्याची नव्हती. पहिल्या वर्षाला येणाऱ्या चांगल्या मुलांच्या हातूनही ती होताना मी पाहिली आहे. तिचे मूळ असे. सममूल्य अपूर्णांक शिकवताना अंश आणि छेद या दोहोंना एकाच संख्येने गुणले तरी किंमत बदलत नाही, असे आपण मुलांना पढवतो. ते खरेच आहे. मग लगेच गुणाकार येतो. मुलाच्या हाताला वर-खाली गुणायची सवय लागलेली असते, ती इथेही चालू राहते. परिणाम काय, तर गुणूनही संख्या जागची हलत नाही. मी एका हाताने सहापट दिले आणि दुसऱ्या हाताने प्रत्येक तुकडा सहापट बारीक केला. घेणाऱ्याच्या पदरात तेवढेच पडले.

छेद म्हणजे तुकड्याचे नाव आणि अंश म्हणजे तसे तुकडे किती, याची मोजणी. तीन आंब्यांची सहापट अठरा आंबे होते, तशी तीन चौथाईंची सहापट अठरा चौथाई होते. सहाने गुणले म्हणून आंब्याचा फणस होत नाही. मग चौथाईचा चोविसावा भाग का व्हावा? भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ रचली ती ११५० साली. अंशांच्या गुणाकाराला छेदांच्या गुणाकाराने भागावे हा अपूर्णांकांच्या गुणाकाराचा नियम तिच्यात आहे आणि ज्या राशीला छेद नाही तिचा छेद एक समजावा, असेही तिच्यात सांगितले आहे. सहाच्या खाली मी तो एक मांडला असता, तर चारास एकाने गुणून चारच राहिले असते आणि अठरा चतुर्थांश, म्हणजे साडेचार, हे उत्तर सरळ हाती आले असते.

पण अव्वांनी किंवा आईने ‘लीलावती’ वाचलेली नव्हती. मग त्यांना हे कुठून आले? पुष्कळ वर्षांनी मला असे वाटू लागले की, त्याचे निम्मे उत्तर त्यांच्या भाषांतच आहे.

आपला ‘पाऊण’ हा शब्द संस्कृत ‘पादोन’ यावरून आला. पादोन म्हणजे पादाने ऊन, चतुर्थांशाने कमी. मराठी माणूस पाऊण म्हणतो तेव्हा त्याच्या मनात तीन तुकडे नसतात. एक अख्खी वस्तू असते आणि तिच्यातून एक पाव गेलेला असतो. कानडीत याच संख्येला ‘मुक्कालु’ म्हणतात. मू म्हणजे तीन, कालु म्हणजे पाव. म्हणजे तीन पाव. कानडी माणूस एकेक पाव जोडत वर चढतो, मराठी माणूस अख्ख्यावरून एक पाव खाली उतरतो. आईने सहातून सहा पाव वजा केले आणि अव्वांनी सहा वेळा तीन पाव जोडले, यात नवल काहीच नव्हते. दोघीही आपापल्या भाषेच्या वाटेने चालल्या होत्या. वर्गात मी फळ्यावर वितरणाचा नियम लिहितो, एकातून पाव वजा करून येणाऱ्या फळाला सहाने गुणणे आणि सहातून सहा पाव वजा करणे एकच असे सिद्ध करतो, तेव्हा मी आईचेच वाक्य चिन्हांत लिहीत असतो.

हाच फरक घड्याळातही दिसतो. पाच वाजायला पंधरा मिनिटे कमी असली तर आपण ‘पावणेपाच’ म्हणतो. त्याच वेळेला कानडीत ‘नाल्कू मुक्कालु’ म्हणतात, म्हणजे चार आणि तीन पाव. स्टँडवर एकाने पाच हा आकडा ऐकला आणि दुसऱ्याने चार ऐकला, तरी दोघांची बस एकच. आणखी एक गंमत सांगतो. कानडीत ‘कालु’ म्हणजे पाय आणि ‘कालु’ म्हणजेच पाव. आपला ‘पाव’ही संस्कृत ‘पाद’पासून आलेला, आणि पाद म्हणजेही पायच. चार पायांच्या जनावराकडे पाहूनच चौथ्या हिश्श्याला हे नाव पडले असावे, असे मला वाटते. दोन भाषांची कुळे वेगळी, पण दोघींनी चौथाई मोजली ती पायावरूनच.

उरलेल्या निम्म्या उत्तराचे श्रेय जुन्या उजळणीला आहे. आईचे भाऊ गावच्या शाळेत जात आणि संध्याकाळी ओसरीवर बसून पाढे घोकत. ती आत चुलीपुढे बसून ऐके. तेव्हाच्या उजळणीत दोन ते तीसचे पाढे संपले की पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असत. म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे. अपूर्णांकाला पूर्णांकाने गुणणे हा मुळी वेगळा धडाच नव्हता. ते पाठांतर होते. या शब्दांच्या पोटातही गणितच आहे. सव्वा म्हणजे सपाद, पावासहित. दीड, अडीच आणि औट यांची रचना तर फारच चमत्कारिक. अडीच म्हणजे ‘अर्धतृतीय’, तिसरा अर्धा, म्हणजे दोन पुरे आणि तिसऱ्याचा अर्धा. औट म्हणजे ‘अर्धचतुर्थ’, तीन पुरे आणि चौथ्याचा अर्धा. देहाला साडेतीन हातांचा म्हणायची जी जुनी रीत आहे तिच्यात हाच औट येतो.

पावकी-पाउणकीला तेव्हा रोजचे काम होते. रुपयाचे सोळा आणे, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. शेराचे सोळा छटाक, त्याचा पावशेर आणि अच्छेर. सगळा बाजारच अर्ध्याच्या अर्ध्याने चालत असे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पुढच्या काही वर्षांत किलो आणि मीटर आले आणि या पाढ्यांचे काम कमी होत गेले. ते चांगलेच झाले, हे मी गणिताचा शिक्षक म्हणून कबूल करीन. दशांश चिन्हाने सारे एका सूत्रात आले आणि परगावच्या मापांचा घोळ मिटला. घोकंपट्टीविषयीही मला विशेष प्रेम नाही. पाउणकी घोकलेल्या कितीतरी मुलांना पाऊण म्हणजे काय ते कळले नसेल. चार आण्यांचे, म्हणजे पंचवीस पैशांचे नाणेही ३० जून २०११ पासून चलनातून गेले. शब्द मात्र गेले नाहीत. भाजीवाली आजही अडीचशे ग्रॅमला पावशेर म्हणते. शनी एका राशीला सुमारे अडीच वर्षे राहतो म्हणून तीन राशींची ‘साडेसाती’ होते. ज्योतिषावर विश्वास असो वा नसो, अडीच त्रिक साडेसात हा गुणाकार घरोघरी पाठ आहे. केवळ तो गुणाकार आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

सहा गुणिले पाऊण या गुणाकारात आणखी एक धडा आहे, तोही मला त्या शनिवारनेच दिला. गुणले की संख्या वाढते, असे लहानपणी आपल्या मनात पक्के बसलेले असते. पाऊणच्या बाजूने पाहिले तर ते खरे ठरते, कारण पाऊणचे साडेचार झाले. पण सहाच्या बाजूने पाहिले तर सहाचे साडेचारच राहिले. गुणाकार एकच, मुकादमाला तो वाढताना दिसतो आणि मजुराला घटताना. अव्वा पाऊण हजेरी सहा वेळा जोडत होत्या, आई सहा दिवसांचा पाऊण हिस्सा काढत होती. या दोन अर्थांचे उत्तर एकच येते हे आपण इतके गृहीत धरतो की, त्यात आश्चर्य करण्यासारखे काही आहे हे विसरूनच जातो.

आई आता नाही. अव्वांचे पुढे काय झाले तेही कळले नाही. बांधकाम संपले तशा त्या कामावरच्या बायका पांगल्या. माझ्या हातून त्यांचे आभार मानायचे राहून गेले. त्या दिवशी त्या माझ्या आईसाठी पुढे आल्या की स्वतःच्या दोन रुपयांसाठी, हा प्रश्न मी कधी स्वतःला विचारला नाही आणि विचारावासाही वाटत नाही.

दर वर्षी जूनमध्ये नवा वर्ग भरला की पहिल्या तासाला मी फळ्यावर ३/४ गुणिले ६ एवढेच लिहितो. मुले हसतात. सर आपली थट्टा करतात असे त्यांना वाटते. मी म्हणतो, वहीपेन बाजूला ठेवा आणि आपापल्या घरच्या भाषेत उत्तर सांगा. कसे काढले तेही सांगा. मग मागच्या बाकावरून कुणी ‘साडेचार’ म्हणतो, खिडकीजवळून कुणी ‘नाल्कूवरे’ म्हणते. एखादा हुशार मुलगा घाईने वर-खाली गुणतो आणि ‘पाऊण’ म्हणून जातो. वर्ग हसतो. मी मात्र त्याच्या शेजारी जाऊन उभा राहतो आणि आईचा प्रश्न त्याला विचारतो, सहा दिवस राबून एका दिवसाएवढेही पडले नाही, तेव्हा तुला काही वाटले नाही का? तो थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहतो. मग स्वतःच पुढे येतो, चोवीस खोडतो आणि तिथे चार लिहितो.